तक्क्याची बशी

मित्रांनो, मी एक जुनी बशी आहे, काठाला टवका उडालेली आणि कप नसलेली. कपाशिवाय बशीचं जगणं काय असतं ते तुम्हाला कळायचं नाही. तुम्ही तर चहासुद्धा दांडीच्या थोराड मगातून पिता. माझी माती गाळून, मळून, साच्यात घालून दोनदा भट्टीतून काढली होती. माझ्या काठाला निळी रेघ होती आणि पाच बहिणींबरोबर मी काचेच्या कपाटात बसत होते. खास पाहुणे आले तरच आम्हाला बाहेर काढत. एवढ्या आगीतून निघालेल्या वस्तूला थोडा ताठा असायचाच. माझा अजूनही आहे, आणि तो उतरवण्यासारखं या घरातल्या माणसांनी फारसं काही केलेलं नाही.

माझा कप अक्कांनी फोडला. अक्का म्हणजे या घरच्या मालकाची थोरली बहीण. जन्मभर शाळेत मुख्याध्यापिका होत्या, आता घरात आहेत. कप हातातून सुटला तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "त्याचा कानच कच्चा होता." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. त्याच धक्क्यात माझा टवका उडाला आणि माझी बदली कपाटातून थेट जमिनीवर झाली. का, तर घरात मांजराचं पिल्लू आलं होतं आणि त्याला काहीतरी भांडं हवं होतं.

पाहुण्यांच्या ओठांची सवय असलेल्या मला त्या पिल्लाची खरखरीत जीभ सोसावी लागली. मी त्याचा मनापासून तिरस्कार करायचं ठरवलं होतं. पण ते पिल्लू पांढरं होतं, माझ्यासारखंच पांढरं, फक्त पाठीवर करड्या रंगाचा डाग. खायचं, झोपायचं आणि ठेवलं तिथं पडून राहायचं, एवढंच त्याला येत होतं. वर्षभरात ते एवढं गुबगुबीत झालं की सगळे त्याला तक्क्या म्हणू लागले.

घर लहान होतं. पुढच्या खोलीत एका भिंतीशी मालकाचं घड्याळदुरुस्तीचं टेबल होतं. त्याला सगळी गल्ली घड्याळजी म्हणे. दुसऱ्या भिंतीशी त्याच्या बायकोचं शिवणाचं मशीन. तिला सगळे वहिनी म्हणत. मागे अक्कांची खोली आणि मधे स्वयंपाकघर. ओट्याच्या कोपऱ्यात, जमिनीवर, माझी जागा होती.

वहिनी शिवण थांबवून चहा प्यायला आत आली की मला भरून खाली ठेवायची आणि तिथंच ओट्याला टेकून उभी राहायची. तक्क्या आधी तिच्या घोट्याला डोकं घासायचा, मग खायचा. दोन घास खाल्ले की मान वळवून तिचं पाऊल जागेवर आहे ना ते बघायचा. आहे म्हटल्यावर पुन्हा दोन घास. ती मधेच निघाली की हाही खाणं टाकून तिच्यामागे चालू लागायचा. मला वाटायचं, याचं हे नाटक आहे. तो येतो माझ्यासाठी. निळ्या रेघेची, दोनदा भाजलेली बशी दुसऱ्या कुठल्या मांजराला मिळते?

अशी बरीच वर्षं गेली. मग एक दिवस तक्क्याचं पोट जमिनीला टेकू लागल्याचं अक्कांच्या लक्षात आलं.

"लाड! नुसते लाड करून ठेवलेत," त्या म्हणाल्या. "शिस्त नावाची गोष्ट नाही या घरात. वेळ ठरवा, माप ठरवा, आपोआप वळणावर येईल."

वेळ हा शब्द कानावर पडताच घड्याळजीचे डोळे चमकले. वेळेवर चालतं ते चांगलं चालतं, अशी त्याची समजूत. आता तुम्हीच सांगा, वेळेवर तर चोरसुद्धा येतो. पण हे त्याला कोण सांगणार? बशीला तोंड नसतं.

काही दिवस त्याने गिऱ्हाइकांची घड्याळं बाजूला ठेवली आणि एक यंत्र बनवलं. एका जुन्या गजराच्या घड्याळाला बिस्किटांचा डबा जोडला, आत भोकं पाडलेली चकती बसवली, खाली स्टीलची ताटली ठेवली. ठरलेली वेळ झाली की आतून खर्रर्र आवाज व्हायचा, चकती फिरायची, टण्ण करून ठोका पडायचा आणि बाजारातून आणलेला नवा कोरडा खाऊ मोजून ताटलीत सांडायचा. खाऊच्या पिशवीवर एका सडपातळ मांजराचं चित्र होतं. यंत्र पायात नको म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीच्या रुंद कट्ट्यावर बसवलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवलं. टाळ्या पडल्या. डबड्याला टाळ्या! मी भट्टीतून निघाले तेव्हा मला कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

आणि मी? मला त्याच कट्ट्यावर कुंडीखाली सरकवलं, पाणी गळतं म्हणून. डोक्यावर ओली माती आणि शेजारी बिस्किटांचं डबडं, अशी माझी शोभा. पण त्या उंचीवरून दारापलीकडची पुढची खोलीही दिसायची, त्यामुळेच पुढचं सगळं मला कळलं.

पहिल्याच दिवशी तक्क्या कसाबसा उडी मारून कट्ट्यावर आला. त्याने ताटलीत नाक घातलं आणि तेवढ्यात यंत्र खर्रर्र करून टण्ण वाजलं. बिचारा जो खाली कोसळला तो थेट कपाटामागे जाऊन बसला. त्यानंतर तो कट्ट्यावर चढला नाही. तो रोज आपल्या जुन्या कोपऱ्यात, मी नसलेल्या जागी येऊन बसायचा आणि वर बघायचा.

"तिकडे आहे बघ तुझं. जा," वहिनी म्हणायची आणि चहाचा कप घेऊन बाहेर जायची. आता उभं राहायची गरज उरली नव्हती ना! तिचा जीव थोडा कालवायचा, मला दिसायचं. एकदा तिने माशाचा तुकडा हातात घेतलाही होता. पण अक्का दारात उभ्या होत्या.

"अजिबात द्यायचं नाही. भूक लागली की झक मारत खाईल."

आणि ताटली तर रोज रिकामी होत होती. कशी? तर सांगते. शेजारणीचा एक दांडगा बोका होता, फाटक्या कानाचा. यंत्र वाजलं की तो खिडकीच्या गजांतून आत यायचा, शांतपणे ताटली चाटून पुसून साफ करायचा, मिशा पुसायचा आणि आल्या वाटेने जायचा. आयत्या बिळावर नागोबा! एक वेळ चुकवली नाही त्याने. घड्याळजीला हवी होती ती शिस्त या घरात फक्त त्या बोक्याने पाळली.

घड्याळजी मधूनमधून येऊन ताटलीत डोकावायचा. "बघ, चाटूनपुसून खातोय! माणसांसमोर नखरे करतो, एकटा असला की मुकाट खातो." मग डब्यात आणखी खाऊ ओतायचा आणि शीळ घालत टेबलाशी जायचा. माझ्या अंगावर कुंडी होती म्हणून. नाहीतर मी त्याच्या पायावर उडी घेतली असती.

तक्क्या बारीक होऊ लागला. लोकांना कोण आनंद झाला! शिवायला कपडे टाकणाऱ्या बायका म्हणायच्या, "वहिनी, केवढा उतरला हो! काय करता?" वहिनी कौतुकाने यंत्राकडे बोट दाखवायची. एका बाईने तर नवऱ्यासाठी असंच यंत्र मिळेल का म्हणून विचारलं. सगळ्या खोखो हसल्या. अक्का मान डोलवायच्या, जणू वर्गातला ढ मुलगा त्यांच्या छडीने पास झाला. आणि ज्याचं कौतुक चाललं होतं तो तिथंच मशीनखाली पडून राहायचा. मांजर डोळे मिटून दूध पितं असं म्हणता ना तुम्ही? मग हे डोळे मिटून बसलेले कोण होते?

मग एका दुपारी वहिनी पांढरं कापड पसरून बेतत होती. तक्क्या धडपडत आला आणि त्या कापडावर आडवा झाला. ती त्याला हटवायला गेली आणि थांबली. तिचं उभं आयुष्य कापडाच्या रंगाला दोऱ्याचा रंग जुळवण्यात गेलेलं. पांढऱ्यावर पांढरा ठेवला की खरा पांढरा कोणता ते तिला लगेच कळतं. तिने त्याला उचललं आणि उजेडासाठी खिडकीशी, अगदी माझ्यासमोर आणलं. त्याच्या कानाच्या आतली गुलाबी कातडी पिवळी पडली होती.

"अहो! इकडे या. याचे कान बघा."

"उजेड पिवळा असेल."

"भरदुपारी?"

घड्याळजी डोळ्याला भिंग लावूनच उठला होता. त्याने तक्क्याचा ओठ वर केला. हिरडीही पिवळी. तोंडातून लाळ गळत होती आणि मान हातावर टाकलेली. केसाएवढी स्प्रिंग दिसण्यासाठी भिंग लागतं हे समजू शकते. मांडीवरचं मांजर दिसायलाही ते लागावं?

दोघं त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. परत आले तेव्हा टॉवेल रिकामा होता. माझ्या मातीला तडा जातो की काय असं वाटलं. पण तक्क्या जिवंत होता, दवाखान्यात ठेवून घेतला होता.

"यकृत बंद पडत चाललंय म्हणाल्या," वहिनी टॉवेलची घडी घालत म्हणाली. "जाड मांजर उपाशी राहिलं की अंगातली सगळी चरबी यकृतात जाऊन साठते म्हणे. आपल्याच चरबीने गुदमरतं ते. बारीक करायचं तर अगदी सावकाश करायचं असतं, उपाशी ठेवून नाही. विचारत होत्या, हा जेवायचा कधी थांबला?"

"मग सांगितलं नाहीस? जेवतो म्हणून?" अक्का म्हणाल्या.

"सांगितलं ना. वेळच्या वेळी जेवतो म्हटलं. तर म्हणाल्या, रक्त वेगळंच सांगतंय."

"डॉक्टरांना काय कळतंय! रोज ताटली रिकामी होते, मी स्वतः..."

खर्रर्र. टण्ण.

यंत्र बंद करायचं कोणाला सुचलंच नव्हतं. खाऊ ताटलीत सांडला. आणि फाटक्या कानाचा बोका गजांतून आत आला. त्याने तिघांकडे पाहिलं. पाहुणा घरच्यांना बघून ओशाळतो, तेवढीही लाज त्याला नव्हती. मान खाली घालून तो कुडुमकुडुम खाऊ लागला. संपवून, मिशा पुसून निघून गेला.

पुढच्या खोलीतली सगळी घड्याळं टिकटिक करत होती. मग वहिनी म्हणाली, "तो बारीक झाला म्हणून मी पेढे वाटल्यासारखी सांगत सुटले होते सगळ्यांना." आणि ती पदर तोंडाशी धरून रडायला लागली. घड्याळजीने यंत्राच्या पोटातून घड्याळ उपसून काढलं. त्याचा चेहरा बघवत नव्हता. पण मला दया आली असं समजू नका. बैल गेला आणि झोपा केला, त्या झोप्याचं कौतुक मी का करू?

तक्क्या घरी आला तो मानेत नळी घेऊन. मानेच्या बाजूने ती थेट अन्ननलिकेत बसवली होती आणि वर कापडाची पट्टी. आता त्याला तोंडाने खायचं नव्हतं. पातळ केलेलं अन्न पिचकारीने त्या नळीतून, थोडं थोडं, दिवसातून अनेकदा द्यायचं होतं, आणि तेही कित्येक आठवडे. जगेल की नाही, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नव्हतं. अन्न पोटात टिकलं तर यकृत पुन्हा उभं राहील, एवढंच म्हणाल्या होत्या. शिवाय बजावलं होतं की थोडं खाणं रोज त्याच्यापुढे ठेवा, पण तोंडात कोंबू नका. मळमळत असताना कोंबलं तर तो अन्नालाच घाबरेल.

पहिल्या वेळी पिचकारी घड्याळजीने धरली. चिमट्याने घड्याळाची चाकं अलगद बसवणारा हात, पण इथं त्याला जोरच आवरेना. त्याने दट्ट्या भसकन दाबला आणि तक्क्याने सगळं ओकून टाकलं.

"अहो, हळू! कुठं गाडी पकडायचीय का तुम्हाला?"

"तूच दे मग!"

"देते! सरका तिकडे!"

पिचकारी वहिनीने घेतली, पण तिच्याही डोळ्यांत पाणी दाटलेलं, तिला माप दिसेना. शेवटी अक्का पुढे आल्या. त्यांनी चष्मा पुसला, तक्क्याशेजारी जमिनीवर बसल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या कधी जमिनीवर बसत नसत. एकेक थेंब सोडत त्या पुटपुटल्या, "मीच उपाशी ठेवला रे तुला. मीच." माझा कप फोडल्यावर ज्या बाईने कपालाच दोष दिला, तिच्या तोंडून हे आलं. मी ऐकून ठेवलं. माफ मात्र केलं नाही.

त्यापुढे तेच काम अक्कांचं झालं. अन्न वाटायचं, गुठळी राहून नळी तुंबू नये म्हणून चहाच्या गाळणीतून दोनदा गाळायचं, कोमट करायचं, शेवटी पाणी सोडून नळी धुवायची. मधेच शेजारीण समाचाराला आली. तिने चार फुकटचे सल्ले दिले आणि जाताना म्हणाली, "आमचा बोका बघा, काही न करता कसा गुटगुटीत झालाय!" अक्का गाळणी घासत राहिल्या. मला तोंड असतं तर बोलले असते.

मधे एकदा तक्क्या फारच खालावला. अन्न टिकेना, मान उचलेना, कान आणखीच पिवळेजर्द झाले. घड्याळजी हळूच म्हणाला, "त्याला फार त्रास होतोय गं. सोडवायचं का त्याला?"

वहिनीने तक्क्याच्या पाठीवर हात ठेवला. "मी हाक मारली की शेपटीचं टोक हलवतो," ती म्हणाली. "ते थांबलं की विचारा मला."

ते टोक थांबलं नाही. डॉक्टरीणबाईंनी मळमळीचं औषध बदललं, अन्न पोटात टिकू लागलं आणि कानांचा रंग हळूहळू निवळत गेला. पण तोंडाने मात्र तो काही खाईना. त्याच्यापुढे वाटी ठेवून झाली, ताटली ठेवून झाली, काचेचं भांडं ठेवून झालं. वास आला की तो तोंड फिरवायचा. नळीवर मांजर किती दिवस काढणार?

मग अक्कांना माझी आठवण झाली. त्यांनी कुंडी उचलली, माझ्या अंगावरचं मातीचं कडं खरवडून काढलं, मला गरम पाण्याने धुतलं आणि माशाचे दोन तुकडे ठेवून जुन्या कोपऱ्यात मांडलं. माझी छाती फुगली. म्हटलं, आता बघा. हा खाणार तर माझ्यातूनच!

तक्क्या आला. त्याने मला हुंगलं. आणि तोंड फिरवून निघून गेला.

मित्रांनो, एवढा अपमान मला कुंडीखालीही वाटला नव्हता. रोज मला भरायचे, खाली ठेवायचे आणि दाराआडून तिघं डोकी एकावर एक ठेवून बघायचे. रोज मी होते तशी भरलेली उचलली जायची. निळी रेघ असून उपयोग काय? नाव मोठं, लक्षण खोटं. ही म्हण मी आजवर दुसऱ्यांसाठी वापरत आले होते.

एका दुपारी घड्याळजी जेवायला आत आला. रोजच्या धावपळीने तो पार थकला होता. टेबलाशी न जाता त्याने आपलं ताट घेतलं आणि भिंतीला पाठ टेकून जमिनीवरच बसला, पाय लांब सोडून. त्याचं पाऊल माझ्या शेजारी आलं. मी शेजारी आहे हेही त्याच्या ध्यानात नव्हतं. तो कुठंतरी बघत सावकाश घास चावत होता.

तक्क्या टोपलीतून उठला. पायांत बळ नव्हतं, हेलपाटत आला. त्याने घड्याळजीच्या घोट्याला डोकं घासलं. घड्याळजीचा घास हातातच राहिला. तक्क्याने माझ्याकडे मान वळवली, माशाचा तुकडा चाटला आणि उचलला. चावला. गिळला. मग मान वळवून पाऊल जागेवर आहे ना ते बघितलं.

पाऊल जागेवर होतं. तक्क्याने दुसरा तुकडा घेतला. ती खरखरीत जीभ माझ्या टवक्यापाशी लागली आणि मला जे वाटलं ते मी सांगते: मला रडू आलं असतं, बशीला डोळे असते तर. तो माझ्यासाठी कधीच येत नव्हता. आणि मला त्याचं काहीच वाईट वाटलं नाही.

"अहो, किती वाजले?" पुढच्या खोलीतून वहिनीने मशीन चालवता चालवता विचारलं. "गिऱ्हाईक यायचंय."

दारातून पुढच्या खोलीची भिंत दिसत होती, दुरुस्तीची सगळी घड्याळं तिच्यावर ओळीने टांगलेली. घड्याळजीने मान वर केली नाही.

"थांब," तो अगदी हळू म्हणाला. "तो जेवतोय."

मशीन थांबलं.

आता तक्क्याच्या मानेतली नळी निघाली आहे. तो पूर्वीइतका जाड नाही, कान आतून गुलाबी आहेत. यंत्राच्या डब्यात वहिनी बटणं ठेवते. खिडकीला जाळी बसली आहे आणि बोका बाहेरून शिव्या घालून जातो. मी पुन्हा कोपऱ्यात आहे. मला भरून खाली ठेवलं की तिघांपैकी कोणीतरी शेजारी थांबतं. अक्कांनी तर तिथं स्टूल आणून ठेवलं आहे. त्या बसतात, तक्क्या खातो, आणि माझ्या टवक्याकडे बघून त्या कधीकधी म्हणतात, "कान कच्चा नव्हता गं. माझाच हात सुटला." आता बशीशी बोलणाऱ्या बाईला काय म्हणावं?

तेव्हा मित्रांनो, तुमच्याकडून मला फार आशा नाही, पण सांगायचं काम करते. ज्याला तोंड आहे पण बोलता येत नाही, असं कोणी तुमच्या घरात असेल, तर त्याची रिकामी ताटली बघून खूश होऊ नका. ती कोणी रिकामी केली ते तिथं उभं राहून बघा. चहा पिता पिता बघितलं तरी चालेल. एवढंही जमणार नसेल, तर दगड पाळा. त्याला भूक नसते.